‘मॅडम, तुम्हीच सांगा’

मनू, तुझा रात्रीचा लांबलचक मेसेज सकाळी वाचला. समुपदेशनाला आलेल्या बाईने विचारलं, ‘मॅडम, तुम्हीच सांगा, मी काय करू?’ तू आधी गप्प झालीस, मग घाबरून तीन-चार उपाय सांगून टाकलेस, आणि आता तुला वाटतंय की एम.ए.ची दोन वर्षं पाण्यात गेली. फोनवर हे बोलणं जमायचं नाही. पलीकडून मावशी ‘काय झालं गं? कोण रडतंय?’ विचारत राहील. म्हणून लिहितेच.

तू गप्प झालीस त्यात काही बिघडलं नाही. उपाय सांगितलेस म्हणून आभाळही कोसळलेलं नाही. पण त्या बाईकडे उपायांचा तुटवडा आहे असं तुला का वाटलं? सासू म्हणाली असेल, एक मूल होऊ दे, सगळं रुळावर येईल. आईने सांगितलं असेल, आमच्या वेळी याहून वाईट होतं. शेजारच्या काकूंनी गुरुवार धरायला लावला असेल. मैत्रीण म्हणाली असेल, सोड त्याला. भाऊ म्हणाला असेल, तू फक्त सांग, मी येऊन बघतो त्याच्याकडे. शिवाय मोबाइलवरच्या रील्स आहेतच, पहाटे पाचला उठून वहीत तीन चांगल्या गोष्टी लिहायला लावणाऱ्या. हे सगळं ऐकून झाल्यावर, दोन बस बदलून, घरी ‘बँकेत जाऊन येते’ अशी थाप मारून ती तुझ्यासमोर येऊन बसली. आणखी एक सल्ला ऐकायला कुणी एवढी यातायात करतं का?

मग तिने विचारलं कशाला, असं म्हणशील. अगं, टेबलापलीकडे बसलेल्या शिकलेल्या माणसाशी बोलायला सुरुवात कशी करायची, याची आपल्याला एवढी एकच रीत ठाऊक आहे. डॉक्टर, वकील, मास्तर, ज्योतिषी, सगळ्यांना आपण तेच विचारतो. ते वाक्य म्हणजे दार वाजवणं आहे. तू दार उघडायच्या आधीच आतून पार्सल बाहेर सरकवलंस.

(हो, मला कळतंय की सल्ला देऊ नकोस असा सल्ला मी तुला पानभर देणार आहे. मोठ्या बहिणीला तेवढी सूट असते. तू माझी क्लायंट नाहीस.)

तुम्हाला अभ्यासाला कार्ल रॉजर्स होता ना? परीक्षेला बिनशर्त स्वीकार, समानुभूती, सच्चेपणा असे तीन शब्द पाठ करायचे आणि टीप लिहायची. त्या तीन शब्दांपर्यंत हा माणूस पोचला कसा, हे मात्र कुणी नीट सांगत नाही. मला तीच गोष्ट जास्त उपयोगी पडली. शिकागोजवळ १९०२ साली जन्मलेला, शेतावर वाढलेला, कॉलेजात आधी शेतीशास्त्र घेतलेला हा मुलगा. पुढे धर्मोपदेशक व्हायला निघाला, तेही सोडलं आणि मानसशास्त्राकडे वळला. १९२८ पासून बारा वर्षं त्याने न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर गावी मुलांसाठीच्या एका संस्थेत काम केलं. तिथे एका द्वाड मुलाची आई त्याच्याकडे यायची. मुलाच्या लहानपणी आईने त्याला मनातून नाकारलं, म्हणून तो असा वागतो, असं निदान झालेलं होतं. ते तिला पटवून देणं हे रॉजर्सचं काम. त्याने अगदी हळुवारपणे, पुन्हा पुन्हा, तिच्याच बोलण्यातले धागे जोडून ते समजावलं. काही उपयोग झाला नाही. शेवटी त्याने कबूल केलं की आपण दोघांनी प्रयत्न केले, पण जमलं नाही, तर थांबू या. तिनेही मान डोलावली. हस्तांदोलन झालं, ती दारापर्यंत गेली, आणि वळून तिने विचारलं, तुम्ही इथे मोठ्या माणसांचंही समुपदेशन करता का? तो हो म्हणाला. मग मला मदत हवी आहे, असं म्हणून ती परत खुर्चीत येऊन बसली आणि नवऱ्याबद्दल, संसाराबद्दल, आपल्या हरण्याबद्दल बोलायला लागली. आधी दिलेल्या नीटनेटक्या माहितीशी त्याचा काहीच मेळ नव्हता. खरं काम तिथून सुरू झालं, आणि पुढे मुलाचंही वागणं सुधारलं.

रॉजर्सने हा प्रसंग आयुष्यभर सांगितला. कुठे दुखतंय, कुठल्या वाटेने जायचं, हे समोरच्या माणसाला आतून माहीत असतं, हे त्याच्या ध्यानात आलं ते अशा प्रसंगांतून. १९४० नंतर त्याने जे लिहिलं, त्या सगळ्याचं बी त्या दारात आहे.

आता तुझ्या सेंटरकडे ये. तिथेही सगळ्यात जास्त अशा आयाच येणार. आई सोळा वर्षांच्या मुलाला दंडाला धरून आणते आणि म्हणते, ‘याला जरा समजवा. मोबाइल सोडत नाही, अभ्यास नाही, उलट उत्तरं देतो.’ मुलगा खुर्चीत बसत नाही, सांडतो. टोपी डोळ्यांवर. त्याच्या लेखी तू म्हणजे आणखी एक क्लास टीचर, फक्त हिची फी जास्त. या वेळी तू आईची निरोप्या झालीस की खेळ संपला. आईला पाच-दहा मिनिटं नीट ऐक, मग बाहेर बसव, आणि मुलाला फक्त जे दिसतंय ते सांग. ‘तुला इथे यायचं नव्हतं, असं दिसतंय.’ तो खांदे उडवेल. उडवू दे. ‘कुणीतरी पकडून आणलं की मलाही बोलावंसं वाटलं नसतं.’ मग बहुतेक वेळा टोपी थोडी वर होते. नाही झाली तरी चालेल. एखादा मुलगा पहिला अख्खा तास गप्प बसतो आणि जाताना ‘पुढच्या वेळी हीच खोली का?’ एवढंच विचारतो. त्या प्रश्नाला कमी लेखू नकोस.

आई बाहेर वाट बघत उभी असेल. ‘काय म्हणाला?’ यासाठीच तर सुरुवातीला दोघांना समोरासमोर बसवून नियम सांगायचा असतो: हा काय बोलतो ते मी तुम्हाला सांगणार नाही, अमुक गोष्टी सोडून. आणि त्या अमुक गोष्टी स्पष्ट शब्दांत. जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार असेल, दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका असेल, किंवा अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार होत असेल, तर मला ते माझ्यापाशी ठेवता येणार नाही. शेवटच्या बाबतीत तर २०१२ चा पोक्सो कायदा कळवणं बंधनकारकच करतो, तिथे तुझ्या मर्जीचा प्रश्न नाही. ‘इथलं इथेच राहील, शप्पथ’ असं गोड वचन कधी देऊ नकोस. ते मोडावं लागलं तर त्या मुलाचा पुढच्या कुठल्याही समुपदेशकावर विश्वास बसणार नाही. आणि ज्या नवऱ्याने बायकोची फी भरली म्हणून फोन करून ‘ती माझ्याबद्दल काय बोलते?’ विचारलं, त्याला ‘तुम्ही तिलाच विचारा’ एवढंच. नम्रपणे, पण तेवढंच.

आता त्या तीन शब्दांकडे. समानुभूतीची आपल्या क्षेत्रात सगळ्यात जास्त थट्टा झाली आहे, आणि ती थोडी बरोबरही आहे. नवशिके काय करतात बघ.

‘सासूबाई माझ्याशी बोलतच नाहीत.’

‘म्हणजे सासूबाई तुमच्याशी बोलत नाहीत.’

‘अहो, तेच तर सांगतेय!’

हा पोपट रॉजर्सने पाळलेला नव्हता. उतारवयात तो या नकलेला अगदी कंटाळला होता. त्याचं म्हणणं असं की मी वाक्य परत करत नाही, मला समजलं ते बरोबर आहे का, एवढं तपासून घेतो. फरक छोटा वाटतो, पण त्यावरच सगळं उभं आहे. तू म्हणून बघ, ‘घरात माणसं आहेत, पण दिवसभरात आपल्याशी कुणी बोललं असं तुम्हाला वाटत नाही. असं आहे का?’ शेवटचं ‘असं आहे का’ खरंखुरं विचार, उत्तर माहीत नसल्यासारखं. कारण ते तुला माहीत नाहीच. मग ती म्हणेल, ‘नाही हो, बोलतात ना. भाजीत मीठ कमी आहे, हे बोलतात.’ तुझा अंदाज चुकला आणि तिने तो दुरुस्त केला, आता तुझ्या हाती काही लागलं. तिने तुला दुरुस्त करणं ही त्या तासातली सगळ्यात मोलाची घटना. ज्या घरात तिला ‘नाही, तसं नाही’ म्हणायची सोय नाही, तिथून आलेली बाई तुला ‘नाही, तसं नाही’ म्हणाली आणि तू रागावली नाहीस.

आपण काय बोलतो हे ऐकायची सवय लाव. रॉजर्सने त्या काळात, जेव्हा ध्वनिमुद्रणाची यंत्रं अवजड आणि खर्चीक होती, सेशन मुद्रित करायला सुरुवात केली. १९४२ च्या पुस्तकात त्याने एका क्लायंटची आठही सेशन्स शब्दशः छापली. आपण बंद दाराआड नेमकं काय करतो हे जगासमोर मांडायचं धाडस त्याआधी कुणी असं केलं नव्हतं. तूही लेखी परवानगी घेऊन, सुपरव्हायजरला सांगून एखादं सेशन रेकॉर्ड कर आणि घरी ऐक. पहिल्यांदा ऐकताना कानांवर हात ठेवावेसे वाटतात. कोण जास्त बोलतंय, कुठे तू तिचं वाक्य तोडलंस, ती रडायला लागल्याबरोबर कुठे तू टिश्यूचा डबा पुढे केलास, सगळं ऐकू येतं. त्या डब्याचं सांगते: तो तिच्या हाताला लागेल असा आधीच ठेव, आणि तू हात लावू नकोस. रडणाऱ्या माणसाला पटकन टिश्यू दिला की त्याला ‘आता पुरे’ असं ऐकू येतं.

स्वीकाराचं मात्र अवघड आहे, आणि इथे मी तुला गोड बोलून फसवणार नाही. पिचलेल्या सुनेला स्वीकारणं सोपं आहे, तिच्या बाजूने आपलं मन आधीच झुकलेलं असतं. पण तिची सासू येईल. तुझ्यासमोर बसून म्हणेल, ‘मी तिला छळलं, खरं आहे. पण माझं कुणी बघितलं?’ किंवा एखादा माणूस येईल, बायकोने अट घातली म्हणून, आणि खिडकीकडे बघत म्हणेल, ‘एक-दोनदा हात उचलला गेला.’ उचलला गेला! हात जणू आपणहून उठला. तुझ्या पोटात आग पडेल, पडायलाच हवी. त्याला झापशील तर तो उठून जाईल आणि राग घरी निघेल. मान डोलावत राहिलीस तर त्याला वाटेल, यांनाही चालतं. तिसरी वाट आहे. ‘शेवटचं कधी झालं ते मला सांगा. सकाळपासून सांगा.’ आणि ऐकत राहायचं, ‘गेला’ पासून ‘मी’ पर्यंत त्याचा तो येईपर्यंत. हे होत असताना त्या बाईच्या सुरक्षिततेचा विचार बाजूला ठेवायचा नाही. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा, तुमच्या जिल्ह्यातली संरक्षण अधिकारी, १८१ ही महिला हेल्पलाइन, हे सगळं तुझ्या टेबलाच्या खणात लिहिलेलं असलं पाहिजे. करुणा म्हणजे कुणाच्याही गोष्टीवर विश्वास ठेवून डोळे मिटणं असं समजून बसू नकोस.

सच्चेपणाचं एक उदाहरण तुला या महिन्यातच भेटेल. तू चोवीस वर्षांची, समोर पन्नाशीच्या काकू. तिसऱ्या मिनिटाला त्या विचारणार, ‘तुमचं लग्न झालंय का हो?’ पुस्तकात लिहिलंय, स्वतःबद्दल बोलू नये. म्हणून काही जणी ‘आपण तुमच्याबद्दल बोलू या’ असं छापील हसून सांगतात. काकूंना तेवढ्यात कळतं की झालेलं नाही, आणि शिवाय ही लपवतेय. सरळ सांग, ‘नाही झालेलं. हिला आपलं काय कळणार, असं वाटतंय का तुम्हाला?’ काकू आधी ओशाळतील, मग म्हणतील, ‘तसं नाही, पण हो, थोडं वाटलं.’ ‘वाटणारच. जिथे मला कळलं नाही असं वाटेल, तिथे मला थांबवा.’ झालं. लग्नाचं प्रमाणपत्र न दाखवता तुमचं जमलं. तसंच लक्ष सुटलं तर ऐकल्याचं नाटक करू नकोस. ‘क्षणभर माझं लक्ष दुसरीकडे गेलं, परत सांगाल?’ म्हण. माणसं याने दुखावत नाहीत. त्यांच्या घरी कुणी एवढंही म्हणत नाही.

रॉजर्सचा एक दृष्टांत आहे. लहानपणी त्यांच्या घरी हिवाळ्यासाठी साठवलेले बटाटे तळघरात असत, वर लांब एक लहानशी खिडकी. त्या अंधारातही बटाट्यांना पांढुरके, लांब, अशक्त कोंब फुटत आणि ते खिडकीकडे सरकत. त्यांचं झाड कधी होणार नव्हतं, तरी वाढायची धडपड चालूच. वाकडंतिकडं, विचित्र वागणाऱ्या माणसांकडे बघताना त्याला ते कोंब आठवत. आपल्या ओट्याखालच्या टोपलीतही हे दिसतं, त्यामुळे मला तो चटकन पटला. महिनोन्‌महिने पांघरूण घेऊन पडलेली, कुणाशी न बोलणारी मुलगी जेव्हा ‘मला यायचंच नव्हतं’ असं म्हणत तुझ्यापर्यंत येते, तेव्हा तिच्या येण्याकडे बघ, म्हणण्याकडे नंतर.

पण मला त्यात एक खटकतंही. बटाट्याला सासर नसतं, घरभाडं नसतं, धाकट्या नणंदेचं लग्न व्हायचं राहिलेलं नसतं. रॉजर्सचा माणूस बराचसा एकटा आहे, अमेरिकेतल्या त्याच्या काळातला, स्वतःचा शोध घ्यायला निघालेला. तू इथे एखादीला विचारशील, ‘तुम्हाला स्वतःला काय हवंय?’ आणि ती तुझ्याकडे कोऱ्या चेहऱ्याने बघत राहील. तिला कुणी कधी विचारलेलंच नाही, तर ती उत्तर कुठून काढणार? काही जणी या प्रश्नाने चक्क घाबरतात, आपलं काहीतरी चुकतंय असं त्यांना वाटतं. त्यांना एवढा मोठा प्रश्न विचारूच नकोस. ‘आज सकाळचा चहा कुठे बसून प्यायलात?’ असं विचार. ‘उभ्यानेच, गॅसपाशी.’ ‘आणि बसून प्यायचा झाला तर कुठे बसाल?’ एवढ्यावर अर्धा तास जाईल. हसू नकोस, जातो.

आणि तिच्या ‘मी’मध्ये तिची मुलं, तिची थकलेली आई, गावाकडची दोन बिघे जमीनही असते. ते सगळं वजा करून उरेल ती खरी ती, असं मानू नकोस. नव्या समुपदेशकांना हा मोह फार होतो. दुसऱ्या सेशनला त्यांच्या मनात क्लायंट वेगळी राहायलाही लागलेली असते, भाड्याची खोली, नोकरी, सगळं. ती तुझी इच्छा झाली, मनू. ती म्हणेल, मला याच घरात राहायचंय पण असं नाही राहायचं. तर तिच्याबरोबर तेवढंच चालायचं. पुढे ती बाहेर पडेलही, किंवा नाही पडणार. तुझ्या डोळ्यांत तिला नापसंती दिसली की ती तुझ्यासाठीही एक सून होऊन बसेल, तुला आवडेल तेच बोलणारी.

मग ‘तुम्हीच सांगा’चं करायचं काय? १९६४ साली एव्हरेट शॉस्ट्रॉमने एक फिल्म केली. एका घटस्फोटित तरुण आईने तीन नामांकित मानसोपचारकांशी एकामागोमाग एक बोलायचं: रॉजर्स, फ्रिट्झ पर्ल्स आणि अल्बर्ट एलिस. ती रॉजर्सला अगदी थेट विचारते. मुलीने विचारलं तेव्हा मी तिच्याशी खोटं बोलले, आता खरं सांगू का, तिच्यावर परिणाम होईल का? रॉजर्स उत्तर देत नाही. पण तो हात झटकतही नाही. मला उत्तर द्यावंसं वाटतंय, हे तो लपवत नाही, आणि ही गोष्ट इतकी तुझी आहे की तुझ्याऐवजी मला ती ठरवता येणार नाही, असं तो तिला सांगतो. ती चिडते, हसते, आणि मग हळूहळू स्वतःच बोलू लागते की तिला कशाची लाज वाटते. ती फिल्म मिळाली तर बघ. भाषा जुनी आहे, पण त्याचं पुढे झुकून बसणं बघ.

तू म्हणू शकतेस, ‘तुमची घालमेल बघून मलाही वाटतंय की पटकन काहीतरी सांगावं. पण मी जे सांगेन ते माझ्या आयुष्यातलं उत्तर असेल. तुमच्या मनात कुठली उत्तरं येऊन गेली?’ चारपैकी तीन तिच्याकडे आधीच असतात. चौथं ती बोलायला घाबरत असते.

मात्र सल्ला वेगळा आणि माहिती वेगळी. मोफत कायदेशीर मदत कुठे मिळते, झोप अजिबात येत नाही तर डॉक्टरला दाखवू का, हे विचारलं तर ‘तुम्हाला काय वाटतं?’ असं म्हणून तोंडाला पानं पुसू नकोस. तो पद्धतीचा अहंकार झाला. सरळ सांग: हो, दाखवा, आणि हा पत्ता.

त्या फिल्ममधला एलिस तुला ठाऊक आहेच. महाराष्ट्रात रॉजर्सपेक्षा त्याचंच नाव जास्त रुजलं. किशोर फडक्यांनी विवेकनिष्ठ उपचारपद्धती इथे शिकवली, अंजली जोशींच्या ‘मी अल्बर्ट एलिस’मुळे तो मराठी घराघरांत गेला, आणि डॉ. आनंद नाडकर्णींनी ती पद्धत व्याख्यानांतून, पुस्तकांतून इतकी मराठी करून टाकली की आता ती परकी वाटतच नाही. मी स्वतः दोन्ही वापरते. ‘हे झालंच पाहिजे’ असल्या हट्टी विचारांशी वाद घालायला एलिससारखा सोबती नाही. फक्त माझा क्रम ठरलेला आहे. माणसाला आपलं कुणी ऐकलं असं वाटायच्या आधी त्याचे विचार तपासायला घेतले, की त्याला ते आणखी एक वादविवाद वाटतात, आणि वादात हरायची सवय त्याला घरी पुष्कळ असते.

आणि रॉजर्सलाही देव्हाऱ्यात बसवू नकोस. १९५७ साली त्याने लिहिलं की बदलासाठी या अटी आवश्यक आहेत आणि पुरेशाही आहेत. त्याच साली तो विस्कॉन्सिनला गेला, जिथे कधीकाळी शेतीशास्त्र शिकला होता. तिथे रुग्णालयातल्या स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांबरोबर हीच पद्धत वापरून पाहिली. हाती जे आलं ते त्याच्या अपेक्षेपेक्षा खूपच कमी होतं. मी ‘आवश्यक’वर सही करते, ‘पुरेशा’वर नाही. कानात आवाज येणाऱ्याला, झोप-भूक दोन्ही गेलेल्याला, उठून आंघोळही न जमणाऱ्याला मायेने ऐकणं हवंच, पण औषधही हवं. मानसोपचारतज्ज्ञाचं नाव काढलं की आपल्याकडे माणसाला थेट येरवडा नाहीतर ठाणं दिसतं. त्यामुळे चिठ्ठी लिहून हातात ठेवणं पुरत नाही. ‘मी तुम्हाला दुसरीकडे पाठवून मोकळी होत नाहीये, गुरुवारची आपली वेळ तशीच आहे’ हे वाक्य चिठ्ठीच्या आधी यायला हवं.

जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार मनात येतो का, हे आडून विचारू नकोस. साध्या शब्दांत विचार. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, ही भीती खोटी आहे. उलट, हे कुणाशी बोलता येतं, याचाच माणसाला सुटल्यासारखा आधार वाटतो. ‘हो’ आलं तर कधी, कसं, साधन हाताशी आहे का, घरात कोण आहे, हेही विचार, आणि त्याच दिवशी सुपरव्हायजरला फोन. टेली-मानसचा १४४१६ हा नंबर तिच्या फोनमध्ये तुझ्यासमोर सेव्ह करून घे. सरकारी आहे, मोफत आहे, रात्रीबेरात्री लागतो आणि मराठीत बोलता येतं. पोलिसांच्या भीतीने मागचा प्रयत्न लपवणारे पुष्कळ असतात. त्यांना सांग की २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरलं जातं, त्याला गुन्हेगार मानत नाहीत.

बाकी बारीकसारीक: खुर्च्या समोरासमोर ठेवू नकोस, जरा तिरक्या ठेव, म्हणजे तिला तुझ्याकडे बघायचं नसेल तर नजर टाकायला जागा मिळते. घड्याळ तिच्या पाठीमागे, तुला दिसेल असं. कुणी डब्यातून पुरणपोळी आणली तर एकदा घे आणि त्याबद्दल बोल, दर आठवड्याला घेऊ नकोस. हळदीकुंकवाला जाऊ नकोस. तुझं स्वतःचं बोलायला एक जागा ठेव, मी सोडून दुसरी कुणी, मी फार बोलते.

आणि सवडीने ‘कासव’ परत बघ. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकरांचा, २०१६ चा, सुवर्णकमळ मिळालेला. लहान होतीस तेव्हा तुला तो संथ वाटला होता. त्यातली जानकी जीव द्यायला निघालेल्या एका अनोळखी मुलाला घरात ठेवून घेते आणि तो कोण, कुठला, असं का केलंस, यातलं काही विचारायची घाई करत नाही. मुलगा फटकून वागतो, तरी जेवण वेळेवर असतं. आपल्या कामावर मराठीत यापेक्षा नेमकं काही मी पाहिलेलं नाही, आणि त्यात सेशनची खोली फारशी दिसतही नाही.

मेसेजच्या शेवटी तू विचारलंयस की ती गुरुवारी परत आली नाही तर काय करू, फोन करू का. एकदा कर, सेंटरच्या नंबरवरून, आणि तिने पहिल्या दिवशी फॉर्ममध्ये ‘या वेळेत फोन चालेल’ असं जे लिहिलंय त्याच वेळेत. दुसऱ्या कुणी उचलला तर काय बोलायचं हे फॉर्ममध्ये विचारून घेतलं नसशील तर काही न बोलता ठेव. तिने उचलला तर ‘का आला नाहीत?’ हे विचारू नकोस. वेळ पुढच्या गुरुवारीही तुमच्यासाठी ठेवली आहे एवढं सांग. तिला बोलायचं असेल तर ऐक, नसेल तर ठेव. त्या गुरुवारीही नाही आली, तर ती वेळ यादीतल्या पुढच्या बाईंना दे. आणि पुढच्या महिन्यात ती न सांगता दारात उभी राहिली, तर ‘इतके दिवस कुठे होतात?’ असं म्हणू नकोस. ‘या’ म्हण, आणि रिकामी वेळ बघ.